घाटावरची भाजी आणि आपले परस

मुलांनो, आपल्या गावाचे नाव पोफळी. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड, हे तुम्हांला ठाऊक आहेच. 'नारळी-पोफळीच्या बागा' हा शब्दप्रयोग कोकणात नेहमी कानी पडतो. ज्या गावाचे नावच बागेतल्या एका झाडाचे आहे, त्या गावात घरोघरी बाग असावी असे कोणालाही वाटेल. पण आपल्या वस्तीतून एक फेरी मारा आणि मोजा. किती घरांच्या मागे आज भाजीचा एखादा तरी वाफा दिसतो? किती दारांत मोगरा किंवा गुलाब आहे? आणि किती अंगणे फरशीने किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून गेली आहेत? ही मोजणी तुम्हीच करा. मग मला काय म्हणायचे आहे ते सहज ध्यानात येईल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या घराला चार हात मोकळी जमीन आहे, त्या घराने आपल्या रोजच्या भाजीतला काही भाग तरी स्वतः पिकवावा. हे काम घरातल्या शाळकरी मुलांनी आणि मुलींनी अंगावर घ्यावे. ही नुसती हौस नाही, ती आपल्या गावाची गरज आहे.

गरज कशी, ते पाहू. चिपळूणच्या बाजारात जी वांगी, टोमॅटो, कोबी, मेथी दिसते, तिच्यातली बरीचशी कराड, सातारा, कोल्हापूर या भागांतून येते. आपण तिला 'घाटावरची भाजी' म्हणतो. ती कुंभार्ली घाट उतरून आपल्याच गावावरून पुढे चिपळूणला जाते, आणि तिथून विकत घेऊन आपण ती परत आपल्या घरी आणतो. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आपण शिकलो आहोत. तिचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वाहतूक थांबते आणि भाजीचे भाव वाढतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला महापूर आला आणि चिपळूणची सारी बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या दिवसांत पैसे खिशात असूनही काय विकत घ्यावे, हा प्रश्न अनेक घरांना पडला. अशा वेळी परसातला अळू, कुंपणावरचा मायाळू आणि दारचा शेवगा हेच खरे शेजारी ठरतात. परसबाग पुराला अडवू शकत नाही. अतिवृष्टीत तिचेही नुकसान होते. पण जिथे काहीच लावलेले नाही, तिथे वाचण्यासारखेही काही नसते.

आता पाण्याचा हिशेब करू. आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढाच तुकडा घेतला, तरी त्यावर वर्षभरात सुमारे २८ हजार लिटर पाणी पडते. गणिताच्या तासाला हे करून पाहा. शिवाय कोयनेचे पाणी आहेच. सह्याद्रीपलीकडच्या शिवसागर जलाशयातले पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून आपल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते. १९६२ सालापासून येथे वीज तयार होत आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने या कामासाठी दरवर्षी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिली. जे पाणी पूर्वेकडे वाहत गेले असते, ते आपल्या गावाखालून वाशिष्ठीला मिळते आणि समुद्राला जाते. म्हणजे पाऊस आपल्याकडे, धरणाचे पाणी आपल्या पायाखालून, आणि भाजी मात्र पाणी जपून वापरणाऱ्या घाटावरच्या शेतकऱ्याची! हे मला बरे दिसत नाही.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप माकडांचा. "सर, लावून काय उपयोग? माकडे ठेवतात कुठे?" असे तुमच्यातलेच कितीतरी जण म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात माकडांचा आणि वानरांचा उपद्रव मोठा आहे. तो शेतकऱ्यांच्या चिंतेचा विषय आहे. पण सगळीच पिके माकडांना सारखी आवडत नाहीत. हळद, आले, मिरची, पुदिना, कढीपत्ता, अळू यांच्याकडे ती सहसा फिरकत नाहीत. प्रारंभ या पिकांपासून करावा. काकडी आणि भोपळा यांचे वेल घराच्या अगदी जवळ, जिथे माणसांचा वावर आहे तिथे चढवावेत. जुन्या मासेमारीच्या जाळ्याने मांडव झाकला तर आणखी बरे.

दुसरा आक्षेप उन्हाळ्यातल्या पाण्याचा. वर पावसाचे जे वैभव सांगितले ते चार महिन्यांचे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या तालुक्यातील डोंगरावरच्या कितीतरी वाड्यांत विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. अशा घरांना मी भर उन्हाळ्यात भाजी पिकवा असे सांगणार नाही. त्यांनी पावसाळी आणि हिवाळी भाजी करावी. ज्यांच्याकडे थोडेफार पाणी आहे, त्यांनी मात्र वापरलेले पाणी फुकट जाऊ देऊ नये. आपल्या घरांत रोज पाच वेळा वजू केली जाते. त्या पाण्यात साबण नसतो, ते झाडांना अगदी चालते. एका वजूला दोन लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घरात पाच वेळचे मिळून पन्नास लिटर पाणी होते. दहा बाय दहाच्या भाजीच्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज साधारण तेवढेच पाणी लागते! वजूच्या जागेपासून वाफ्यापर्यंत एक पन्हळ किंवा नळी टाकली की काम झाले. तांदूळ धुतलेले पाणी आणि मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या आणि नारळाच्या बुंध्याशी ओतावे. भांड्यांचे साबण मिसळलेले पाणी पालेभाजीवर घालू नये. ते केळीच्या आळ्यात सोडावे.

तिसरा आक्षेप आपल्या आयांचा. "परसात झाडी वाढली की साप येतात, डास होतात." ही काळजी रास्त आहे. साप येतात ते भाजीसाठी नव्हे. दगडांचे, लाकडांचे, कौलांचे ढीग पडलेले असतात, त्यांत उंदीर राहतात, आणि उंदरांमागून साप येतात. ढीग काढून टाकावेत, वाफ्यांमधल्या वाटा स्वच्छ ठेवाव्यात, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय परसात जाऊ नये. डास होतात ते साचलेल्या पाण्यात. करवंट्या, फुटके डबे, कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच जागी अंडी घालतात.

चौथा आक्षेप असा, की "आमच्या घरी कोणी मोठे नाही." आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा थोरले भाऊ आखाती देशांत नोकरीला आहेत. घरी आई, दादी आणि लहान भावंडे. पैसे येतात, भाजी विकत आणता येते, मग कष्ट कशाला? माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या घरात मोठी माणसे दूर आहेत, त्या घरात मुलांनी करण्याजोगे काम अधिक असावे. वाळवंटातल्या उन्हात राबणारे वडील सुट्टीवर घरी येतील, तेव्हा मुलाने पिकवलेले पडवळ त्यांच्या ताटात पडेल. त्याची किंमत कोणत्या बाजारात ठरणार?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नुसते 'बाग करा' म्हणणे सोपे असते. कसे करावे ते सांगितले नाही, तर तो उपदेश वाऱ्यावर जातो.

आधी माती. आपली माती जांभ्या दगडापासून झालेली आहे. ती तांबडी असते, तिच्यातून पाणी लवकर झिरपून जाते, आणि ती थोडी आम्लधर्मी असते. पावसात तिच्यातले पोषक घटक वाहून जातात. तिला सर्वांत अधिक गरज आहे ती कुजलेल्या पालापाचोळ्याची आणि शेणखताची. चुलीतली लाकडाची राख थोडी मिसळली तर आम्लता कमी होते आणि पालाशही मिळते. म्हणून माझी विनंती आहे, की अंगणात झाडलेला पाचोळा जाळू नका. पाचोळा जाळणे म्हणजे खत जाळणे. परसाच्या एका कोपऱ्यात सावलीला तीन फूट लांबी-रुंदीचा ढीग करा. एक थर सुक्या पाचोळ्याचा, एक थर भाजीच्या देठांचा आणि सालींचा, वर थोडे शेण आणि माती, असे थर रचा. ओल अशी ठेवा की मूठ दाबली तर हाताला ओलसर लागावी, पण पाणी गळू नये. महिन्यातून एकदा ढीग खालीवर करा. तीन-चार महिन्यांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत तयार होते. पावसाळ्यात मात्र वर झाकण हवे, नाहीतर सारे सत्त्व वाहून जाते. मटण-मासळीचे उरलेले तुकडे ढिगात टाकू नका. त्यांनी कुत्री आणि घुशी येतात.

मग हंगाम. कोकणात वेळ साधणे म्हणजे अर्धे काम साधणे होय.

मे महिन्याच्या अखेरीस वेलांसाठी दीड फुटाचे खड्डे घ्यावेत, ते खताने आणि मातीने भरून वर टोपलीसारखा उंचवटा करावा. जमीन सपाट ठेवली तर मुसळधार पावसात मुळे कुजतात. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला, की काकडी, पडवळ, दोडका, कारली, दुधी यांचे बी लावावे. बी जितके जाड, त्याच्या दुपटीएवढ्या खोलीवर लावावे. खोल गाडलेले बी मातीतच मरते. एका जागी चार बिया टाकाव्यात आणि रोपे वर आली की सशक्त अशी दोन ठेवावीत. बांबूचा किंवा पोफळीच्या जुन्या खोडाच्या कामट्यांचा मांडव करून वेल त्यावर चढवावेत. दीड-दोन महिन्यांत फळे लागतात. पडवळ वाकडे वाढू लागले, तर त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधावा. ते सरळ लांब वाढते. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गादीवाफ्यावर एकेक फुटावर लावावे.

वेलाला फुले पुष्कळ येतात आणि फळ धरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे इवलेसे फळ दिसते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. मधमाश्यांनी पराग नेला नाही, तर मादी फूल गळून पडते. संततधार पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा ताजे नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर हलकेच टेकवावा. काकडी आणि कारली यांची फुले सकाळी उमलतात, दुधी आणि पडवळ यांची संध्याकाळी. हे ध्यानात ठेवून काम करावे. विज्ञानाच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा पाठ करण्यापेक्षा हा प्रयोग एकदा करून पाहा. तो धडा जन्मभर विसरणार नाही. ज्या मेंडेलचे नियम तुम्ही शिकता, त्यानेही ते आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे लावूनच शोधले.

पाऊस सरला की हिवाळी भाजीची वेळ. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या आरंभी वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी गादीवाफ्यावर पेरावे. चार-पाच आठवड्यांनी रोपे उन्हे कलल्यावर काढून लावावीत आणि लगेच पाणी द्यावे. भर दुपारी लावलेली रोपे माना टाकतात. टोमॅटोला काठीचा आधार द्यावा. याच दिवसांत माठ, मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर पेरावी. धणे रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्यात आणि भिजवून पेरावेत, म्हणजे उगवण चांगली होते. माठ आणि मेथी महिन्याभरात काढणीला येते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरले, तर भाजी एकदम न येता हिवाळाभर मिळत राहते. पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या ओल्या मातीत, अर्धवट सावलीत खोचल्या की पुरे.

जमीनच नसेल तर? तुटकी बादली, तेलाचा डबा, सिमेंटचे रिकामे पोते, काहीही चालते. तळाला चार भोके हवीत, त्यांवर खापराचे तुकडे, आणि वर अर्धी माती व अर्धे खत. मिरचीची दोन झाडे आणि पुदिन्याचा एक डबा गॅलरीतही होतो. फक्त दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. पुदिना तेवढा कमी उन्हातही तगतो.

कीड पडली की घाईघाईने विषारी औषधे आणू नयेत. आपण जे उद्या खाणार, त्यावर आज विष का फवारावे? मावा दिसला तर साबणाचे सौम्य पाणी पानांच्या मागच्या बाजूला शिंपडावे. कडुलिंबाच्या ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळून ते पाणी फवारावे. वेलांवरचे तांबडे भुंगेरे पहाटे सुस्त असतात, तेव्हा ते हाताने वेचावेत. कारल्यात आणि काकडीत अळ्या होतात त्या फळमाशीमुळे. त्यासाठी कोवळी फळे कागदाच्या पिशवीत गुंडाळावीत आणि सडून पडलेली फळे वेचून नष्ट करावीत. ती तशीच पडू दिली, तर पुढच्या माश्या त्यांतूनच होतात. गोगलगायी पावसाळ्यात संध्याकाळी हाताने गोळा कराव्यात. मीठ टाकून जमीन खराब करू नये.

फुलांविषयी कोणी म्हणेल, भाजी ठीक आहे, फुलांचे काय काम? फुले हवीत. मधमाश्या फुलांवर येतात, आणि मधमाश्या आल्या की भाजीलाही फळ धरते. भाजीच्या वाफ्याभोवती झेंडू लावला, तर मुळांना त्रास देणारे सूत्रकृमी कमी होतात. म्हणजे झेंडू हा वाफ्याचा राखणदार आहे. मोगऱ्याचे पाणी थंडीत काही दिवस तोडावे, हलकी छाटणी करावी, आणि फेब्रुवारीत खत-पाणी द्यावे. उन्हाळाभर अंगण दरवळते. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करावी. कलमाच्या जोडाखालून जे धुमारे फुटतात ते जंगली झाडाचे असतात. ते काढून टाकावेत, नाहीतर चांगले कलम मरते आणि जंगली झाड उरते. कुंपणाला मेंदी आणि अडुळसा लावावा. अडुळसा गुरे खात नाहीत आणि खोकल्याला तो औषधी आहे. मेंदी तर ईदच्या आदल्या रात्री कोणाला नको असते?

आता एका गोष्टीकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. ती गोष्ट म्हणजे बी. आपल्या दादी-नानी चांगले फळ वेलावरच पिकू देत, त्याचे बी सावलीत वाळवीत, राखेत मिसळून बाटलीत किंवा सुक्या दुध्याच्या पोकळीत जपून ठेवीत. गावचा तवसा, चिबूड, लाल माठ, पावटा ही बियाणी अशी पिढ्यान्‌पिढ्या एका घरातून दुसऱ्या घरात गेली. शादीत मुलगी सासरी गेली तर तिच्याबरोबर बियांची पुरचुंडीही गेली. आता पाकिटातले संकरित बी मिळते. ते पीक चांगले देते, पण त्या फळाचे बी धरून पुढच्या वर्षी लावले तर तसेच पीक येत नाही. दरवर्षी पाकीट घ्यावे लागते. ज्या घरातली म्हातारी माणसे गेली आणि ज्यांचे परस बंद पडले, तिथले बी कायमचे गेले. पुस्तक जळाले तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. गावठी बी गेले तर त्याची प्रत कुठे शोधणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावोगावची देशी बियाणी गोळा केली, जपली आणि वाटली. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणू लागले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने जे केले, ते शाळेत जाणाऱ्या आपणांस का जमू नये? आपल्या दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाने आपल्या हवामानाला साजेसे वाण तयार केले आहेत. काकडीचा 'शीतल', पडवळाचा 'कोकण श्वेता', दोडक्याचा 'कोकण हरिता', कारल्याचा 'कोकण तारा', माठाचा 'कोकण दुरंगी' ही त्यांची नावे. घरचे जुने बी आणि विद्यापीठाचे सुधारित बी या दोहोंत वैर नाही. दोन्ही लावावीत, आणि घरचे जपून ठेवावे.

तुम्ही मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता. शब्द आठवत नाहीत, लिंग चुकते, अशी तुमची तक्रार असते. परसात उभे राहून पाहा. बाग, जमीन, हंगाम, गुलाब हे शब्द फारसीतून उर्दूतही आले आणि मराठीतही. भिंडी ती भेंडी, बैंगन ते वांगे, करेला ते कारले, तुरई तो दोडका, चौलाई तो माठ. हाताने लावलेल्या झाडाचे नाव विसरत नाही. 'कलम' हा शब्द तर पाहा. उर्दूत कलम म्हणजे लेखणी, आणि झाडाची फांदी लावतो तेही कलमच. मराठीत आपण हापूसचे कलम म्हणतो. ज्याच्या हाती एक कलम आहे त्याने दुसरे कलम लावायलाही शिकावे, असेच जणू ही भाषा सांगते. भाज्यांची कुळेही अशीच आपल्याला शहाणे करतात. मिरची, टोमॅटो आणि बटाटा मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगिजांच्या काळात ते आपल्याकडे आले. भेंडीचे मूळ आफ्रिकेत सांगतात. आपल्या एका रश्शात तीन खंड एकत्र नांदतात. 'हे आमचे, ते तुमचे' असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या ताटाकडे पाहावे.

मोठ्या संकटात मोठ्या देशांनीही परसबागेचा आधार घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांनी येणारे धान्य आणि भाजी कमी झाली, तेव्हा ब्रिटनने लोकांना अंगणात भाजी लावण्याचे आवाहन केले. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातही भाजीचे वाफे केले गेले. आपल्यावर तसे संकट नाही. परंतु आरोग्याचा प्रश्न आहेच. माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात भात आणि मासळी असते, हिरवे पान मात्र कमी असते. दारात माठ आणि शेवगा असला, तर तो आपोआप ताटात येतो. शासनही आता शाळांना पोषण आहारासाठी परसबाग करायला सांगते. पण शाळेची बाग सुट्टीत वाळते. घरची बाग वाळू द्यायची की नाही, ते तुमच्या हाती आहे.

शेवटी मुलग्यांसाठी एक गोष्ट सांगतो. बागेला पाणी घालणे, निंदणी करणे ही मुलींची कामे आणि क्रिकेट खेळणे हे मुलग्यांचे काम, अशी वाटणी कित्येक घरांत आपोआप झालेली दिसते. ती मला मान्य नाही. भाजी दोघेही खातात, तर कुदळही दोघांनी हाती घ्यावी. रोज अर्धा तास पुरे. फजरनंतर पंधरा मिनिटे आणि असरनंतर पंधरा मिनिटे, एवढ्यात दहा बाय दहाचा वाफा सहज सांभाळता येतो.

अंगणाला फरशी घालू नका, असे मी म्हणत नाही. ओटी, पडवी स्वच्छ असावी, पावसात चिखल होऊ नये, हे सर्वांनाच हवे. पण सगळी जमीन झाकू नका. एक तुकडा उघडा ठेवा. आई-वडील अंगण बांधायला काढतील, तेव्हा तेवढा तुकडा मागून घ्या. या मृगात त्यात एक वेल लावा, एक गुलाब लावा, आणि दादीला विचारून एक तरी जुने बी मिळवा. पीक आल्यावर पहिल्या काकडीतली एक फोड शेजारच्या घरी द्या, आणि शेवटच्या काकडीचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवा. बाटलीवर बियाणाचे नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका. ते मराठीत लिहा.